कप्तान गालूबेरच्या जागी

२ सप्टेंबर
आजपासून रोज लिहिणार. प्रसंगच तसा आहे.
चित्रकथांच्या अल्बममधल्या कप्तान गालूबेरवरचा तिसरा सिनेमा आमच्याच नदीवर, आमच्याच धक्क्यावर होणार, हे नक्की झालं. पहिल्या सिनेमात त्यांनी कप्तानाच्या बदकाचा पोपट केला. दुसरा बल्गेरियात उरकला आणि तिथल्या डोंगरांना आमच्या शारांत नदीचं खोरं म्हणून खपवलं. आमच्याकडे डोंगर नाही. टेकडी म्हणावी असंही काही नाही.
दोन्ही वेळा आमच्या वाचक मंडळाचा निषेध मी लिहिला. अध्यक्ष मोस्यू पेरिगो दूर लिमोज शहरात असतात. मसुदा माझा, पहिली सही माझी, चिकटवायची तिकिटंसुद्धा माझी. या वेळी निषेधाची वेळ येणार नाही. मी आत शिरणार आहे.

५ सप्टेंबर
निवड झाली.
गर्दीत उभं राहायला माणसं हवी होती. गावच्या सभागृहात रांग. क्लेलिया नावाची दिग्दर्शकाची सहायक मोजपट्टी घेऊन हिंडत होती. माझ्यापाशी थांबली, दोनदा मापलं, कुणाला तरी फोन केला. म्हणाली, मोस्यू बारो, तुमची उंची आणि पोट, दोन्ही अगदी बरोबर आहे.
काम असं : कप्तानाचा कोट घालून कप्तानाच्या जागी उभं राहायचं. दिवे लागतील, कॅमेरा ठरेल, मग पॅरिसचा नट येईल, मग आपण बाजूला व्हायचं. तिने हे फार सावकाश समजावलं. मला समजलं. पण माणूस पारखायची हीच रीत असते. एवढं मोठं काम पहिल्या दिवशी तोंडावर कुणी सांगत नाही. आणि नटांचं काय, त्यांना गुडघे असतात, घसे असतात. काहीही होऊ शकतं.
वाचनालयात, म्हणजे नोकरीवर, पाठदुखी कळवली.

७ सप्टेंबर, रविवार
आईकडे जेवायला. फेब्रुवारीत खुबा मोडल्यापासून ती वृद्धांच्या निवासगृहातच आहे, इमारतीबाहेर पाऊल टाकलेलं नाही. टेबलावर समोर नेहमीप्रमाणे मादाम गिस्के. तिचा मुलगा प्रादेशिक टीव्हीवर हवामान सांगतो. दर रविवारी आम्ही पाऊस कुठे पडणार ते ऐकतो. आई ताटात बघत होती.
मी सहज म्हणालो, गालूबेरच्या सिनेमात मी आहे.
गिस्केने विचारलं, बोटीचे दोर ओढणाऱ्यांत का?
मी म्हणालो, नाही.
आई म्हणाली, ‘‘मग कोण आहेस तू?’’
‘‘कप्तान.’’
आईने चमचा खाली ठेवला. परत विचारलं. मी परत हो म्हणालो. मग ती गिस्केला म्हणाली, जरा मीठ इकडे द्या. असा आवाज तिच्या तोंडून कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.
आता हे अगदीच खोटं नाही. थोडं पुढचं आहे इतकंच. पुढच्या रविवारी नीट समजावून सांगणार.

११ सप्टेंबर
दिवसभर उभा. कोट सुरेख. नाक मात्र देत नाहीत. कप्तानाचं ते नाक, वांग्याएवढं, ज्यावर बदक बसतं, ते इथे रबराचं केलंय आणि डब्यात कुलपात ठेवतात. क्लेलियाकडे मागितलं. म्हणाली, नाक नटाचं आहे, मोस्यू बारो. निदान एखादं बिघडलेलं? ती बघते म्हणाली.
दिग्दर्शक बाईंना मी सांगितलं की चौथ्या अल्बमपासून कप्तानाच्या डाव्या बाहीवर एक पट्टी जास्त आहे. त्यांनी आभार मानले आणि अर्धं पाऊल डावीकडे सरकायला सांगितलं. म्हणजे त्या माझ्याशी बोलू लागल्या आहेत.

१४ सप्टेंबर, रविवार
सांगितलं नाही. आईने केस सेट करून घेतले होते. अशा दिवशी कसं सांगणार?

१७ सप्टेंबर
आज हद्द झाली. दुपारी नट कुठेतरी निघून गेला आणि बराच वेळ आलाच नाही. सगळे त्याच्यासाठी थांबलेले. बोटीवर त्याच्या जागी मी, वाऱ्यात, हूं की चूं न करता. क्लेलियाने घोंगडी आणून दिली. मी घेतली नाही. कप्तान घोंगडी घेत नाही (सातवा अल्बम, वादळ). नंतर घेतली.
दिग्दर्शक बाईंनी दोघांतला फरक पाहिला असेलच.

२१ सप्टेंबर, रविवार
आईच्या टेबलावर भारी चॉकलेटांचा डबा. कुणी दिला? ‘‘आले होते कुणी,’’ म्हणाली. नगरपालिका असणार. निवडणूक जवळ आली की त्यांना म्हातारी माणसं आठवतात.
माझ्याकडे बराच वेळ बघत होती. बोटीवर थंडी असते का, असं विचारलं. मी म्हणालो, कप्तानाचा कोट उबदार आहे.
‘‘आणखी काही सांगायचंय तुला?’’
सेटवरचं जेवण चांगलं असतं, हे सांगितलं. मासे, बटाटे, दोन प्रकारचं चीज. तिने सगळं ऐकून घेतलं.

२४ सप्टेंबर
रेमोंदच्या बारमध्ये गेलो नसतो तर बरं झालं असतं. काउंटरमागून म्हणाली, ‘‘या कप्तानसाहेब, नाक घरी विसरलात वाटतं?’’ बाकीचे हसले. नट रोज सकाळी तिच्याकडे कॉफी पितो म्हणे. माणूस साधा आहे म्हणे. कप स्वतः उचलून ठेवतो म्हणे.
मग पुढे वाकून, हळू आवाजात : ‘‘आन्सेल्म, आईला तू सांगतोस की मी सांगू?’’
तिची वहिनी निवासगृहात नर्स आहे. या गावात कुणाची ना कुणाची वहिनी कुठेतरी असतेच.
म्हणालो, रविवारी सांगतो. ती म्हणाली, कुठल्या?

२६ सप्टेंबर
क्षुल्लक दिवस. पोट बिघडलंय म्हणूनच लिहितोय.
गोगलगायींच्या मेजवानीचं दृश्य. नटाने एक तोंडात घातली, पांढरा पडला, धक्क्यावर जाऊन बसला. परत खाणार नाही म्हणाला. दिग्दर्शक बाई इकडेतिकडे बघू लागल्या. क्लेलिया म्हणाली, मोस्यू बारो, तुम्ही खाता का?
शारांतच्या माणसाला विचारते, गोगलगाय खाता का.
मला वाटलं, आली वेळ. पण नाक याही वेळी दिलं नाही. कॅमेरा माझ्या हातांवर, ओठांवर आणि हनुवटीवर, त्याच्या वर काही नाही. म्हणजे पुन्हा दिव्यांचीच चाचणी. आणि रस्सा. टोमॅटो आणि खिमा ठीक, पण लसूण नावाला, वर गार. तरी खाल्ल्या. ताटामागून ताट आणत होते. गोगलगाय शंखातून काढायची चांदीची पिन हातात येईना, अडचण होत होती, ती सरकवली. दिग्दर्शक बाई मागे कुणाला तरी सारखं ओरडत होत्या, असंच, असंच चालू द्या.
पावाने ताट पुसलं. सोडा घेऊन झोपतो.

२ ऑक्टोबर
शूटिंग संपलं. नटाला काहीही झालं नाही. गुडघा नाही, घसा नाही, साधी सर्दी नाही.
जाताना त्याने हात मिळवला. म्हणाला, तुमच्यामुळे माझी पाठ वाचली. मग म्हणाला, आईंना माझा नमस्कार सांगा.
माझ्या आईशी याचा काय संबंध? असो. आई सगळ्यांनाच असते. नटांची बोलायची पद्धत.

५ ऑक्टोबर, रविवार
सकाळी दाढी करताना सुचलं. नाक! पडद्यावर कप्तानाच्या तोंडाचं काय दिसतं? नाक आणि मिशा. त्यांच्या आड कुणीही असू शकतं. आईची नजर अधू. सिनेमात आवाज बदलतात, हे सगळ्यांना माहीत आहे.
म्हणजे सांगायची गरजच नाही. मी माझ्यासाठी हे करत नाही. तिला वाईट वाटू नये एवढंच.
तरी जेवण गेलं नाही.

२५ डिसेंबर
आईने भेट दिली. स्वतः विणलेली कप्तानाची टोपी. बोटं वाकडी झालीत, एक बाजू खाली आली आहे, पण पट्ट्या मोजून बरोबर. अल्बम कुठून मिळाला? म्हणाली, लहानपणी तुला वाचून कुणी दाखवले?
गिस्केसमोर घालून दाखवावी लागली. गिस्के म्हणाली, नाक लहान पडतंय.
वर्ष संपायच्या आत सांगणार. हा निश्चय लेखी करतोय.

३१ डिसेंबर
कालवं बाधली. दिवसभर अंथरुणात. निश्चय नव्या वर्षाला धरून पुढे.

१ फेब्रुवारी, रविवार
गेलो तेव्हा आई खोलीत नव्हती. आधाराची चाकाची चौकट धरून वऱ्हांड्यात चालत होती, नर्स मागे. दरवाजापर्यंत, वळून परत, पुन्हा दरवाजापर्यंत. घामाने पावडर ओघळली होती. सहा महिने डॉक्टर मागे लागले होते तेव्हा उठली नाही.
आज कसं काय, असं विचारलं.
‘‘सभागृहाला पायऱ्या आहेत ना,’’ म्हणाली. ‘‘सिनेमा तिथेच दाखवणार म्हणतात.’’
मी तिच्याबरोबर दोन फेऱ्या मारल्या. सांगितलं नाही. चालताना तिला दम लागतो, त्यात बोलणं बरं नव्हे.

८ मार्च, रविवार
पोस्टर लागलं. नगरपालिकेच्या भिंतीवर, खिडकीपेक्षा मोठं नाक आणि खाली नटाचं नाव, अक्षरं बदकाएवढी. निवासगृहाच्या दारातसुद्धा एक. माझ्या आधी तिथे पोचलं.
आईला सांगितलं की नाव विक्रीसाठी टाकतात. सिनेमा हा शेवटी धंदा आहे.
‘‘अस्सं,’’ म्हणाली.
हे तिने अशा तऱ्हेने म्हटलं की मी आणखी समजावत बसलो. करार. पॅरिस. जाहिरातीचे नियम. पाठ करून गेल्यासारखा बोलत होतो आणि स्वतःचा आवाज ऐकू येत होता. ती माझ्या कोटाच्या बटणाकडे बघत होती. बटण सैल झालं होतं. तिने सुईदोरा मागवला आणि मी बोलत असताना ते शिवून टाकलं.

५ एप्रिल, ईस्टर
पुढच्या रविवारी सिनेमाचा खेळ. आज सांगणार हे ठरलेलं. कोकराचं मांस झाल्यावर, गोडाच्या आधी. मांस झालं. गोड आलं.
आई म्हणाली, ‘‘आन्सेल्म, काही बोलणार होतास?’’
‘‘केक छान झालाय,’’ मी म्हणालो.
केक कोरडा होता.

११ एप्रिल
उपाय सापडला. उद्या ताप येणार. मी नाही तर आईही जाणार नाही, आणि नंतर कधीतरी बसून शांतपणे सांगेन. कपाळ खरोखरच गरम लागतंय.
रेमोंदला फोन करून तब्येतीचं कळवलं, म्हणजे बातमी पसरेल. ती म्हणाली, अरेरे, झोप तू, तुझ्या आईला मी माझ्या गाडीतून नेते, म्हणजे वाटेत आम्हाला निवांत बोलताही येईल.
ताप उतरला.

१२ एप्रिल, रविवार, संध्याकाळ
सगळं लिहितो. लिहायचं ठरलं होतं म्हणून.
आईने निळा ब्लाउज घातला होता. पायऱ्यांपाशी मी हात पुढे केला, तिने नको म्हटलं आणि एकेक पायरी स्वतः चढली. वर पोचल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. नगराध्यक्षांनी खुर्ची दिली. निवासगृहाची मंडळी पुढच्या रांगेत, आईशेजारी एका बाजूला गिस्के, दुसऱ्या बाजूला मी. मागे रेमोंद. तिचा श्वास मानेवर जाणवत होता.
दिवे गेले. कप्तान आला. तो डेकवर आला, शिडी चढला, बदकाशी भांडला, गाणं म्हटलं. चांगलं म्हटलं. बाहीवरची पट्टी बरोबर होती, तेवढं मला दिसलं. आईची नजर पडद्यावर. हसली नाही, हात मांडीवर. गिस्के तिच्या कानात म्हणत होती, छान करतोय हो तुमचा मुलगा. आई नुसती मान हलवत होती. मला वाटलं, जमलं. आणि जमल्याचं मला इतकं वाईट वाटेल असं वाटलं नव्हतं. मी अंधारात खुर्चीचा हात धरून बसलो.
मग मेजवानी आली.
पडदाभर दोन हात, ओठ आणि एक हनुवटी. चांदीची पिन कोपराने बाजूला ढकलली जाते. गोगलगाय तोंडाला लावली जाते आणि जो आवाज होतो तो त्यांनी आणखी मोठा केला होता. दुसरी. तिसरी. रस्सा मनगटावर. मग पावाने ताट पुसणं, आणि मग अंगठा तोंडात, मुळापर्यंत, आणि तो बाहेर काढून त्याच्याकडे बघणं, काही राहिलं का म्हणून.
आईला कमी ऐकू येतं. त्यामुळे ती हळू बोलत नाही.
‘‘हा आन्सेल्म!’’
सगळं सभागृह वळलं. आई खुर्चीतून अर्धी उठली होती आणि पडद्याकडे बोट दाखवत होती.
‘‘हा बघा. हा माझा. तो अंगठा मी पन्नास वर्षं तोंडातून काढतेय.’’
गिस्केने विचारलं, ‘‘मग मघापासूनचा तो कोण?’’
‘‘तो नट आहे,’’ आई म्हणाली. ‘‘तोही बरा आहे.’’
असं हसू त्या सभागृहात कधी झालं नसेल. पुढच्या प्रसंगात बोट बुडते, ते कुणी ऐकलंच नाही. रेमोंद मागून माझ्या पाठीवर थापा मारत होती. मी दिवे लागू नयेत अशी प्रार्थना केली. ते लागले.
बाहेर पायऱ्यांवर आई दम खायला थांबली. मी विचारलं, तुला कधी कळलं?
सप्टेंबरात, म्हणाली. नट निवासगृहात आला होता, नाक न लावता, चॉकलेटं घेऊन. सगळ्यांशी हात मिळवले, पत्ते खेळला. गिस्के त्या दिवशी मुलाकडे गेली होती. आईने त्याला बाजूला घेऊन विचारलं, तुम्ही कप्तान, तर माझा मुलगा कुठे आहे? तो म्हणाला, माझ्या जागी वाऱ्यात उभा आहे, म्हणून मी इथे बसू शकतो.
मी म्हणालो, मग इतके महिने बोलली का नाहीस?
‘‘मी दर रविवारी विचारलं, बाळा. तू दर रविवारी जेवणाबद्दल बोललास.’’
मी कोटाचं बटण लावलं. मग म्हणालो, मग एवढं चालायला शिकलीस ते कशासाठी? कप्तान मी नाही हे माहीत होतं ना?
‘‘म्हटलं, कुठेतरी दिसशील,’’ ती म्हणाली. ‘‘पाठमोरा तरी.’’
मग तिने माझा हात धरला आणि आम्ही पायऱ्या उतरलो. उतरताना ती म्हणाली, कोपर टेबलावर ठेवू नये, सिनेमातसुद्धा.

१५ एप्रिल
मोस्यू पेरिगोंचं पत्र. सिनेमा एकंदरीत मान्य, बदक बदकच आहे, पट्टी बरोबर आहे. पण मेजवानीचं दृश्य हा कप्तान गालूबेरचा घोर अपमान आहे. प्रत्येक वाचकाला माहीत आहे की कप्तान चांदीच्या पिनेने खातो, करंगळी वर धरून, आजीने शिकवल्याप्रमाणे. ‘पिन ढकलून देणारा तो हात ज्याचा असेल, त्याने आयुष्यात एकही अल्बम उघडलेला नाही.’
प्रथेप्रमाणे निषेधाचा मसुदा मी करावा आणि पहिली सही माझी असावी.
तिसऱ्या अल्बमचं ते पान काढून बघितलं. पिन आहे. करंगळी आहे. मला हे सात वर्षांचा असल्यापासून पाठ आहे. त्या दिवशी आठवलंसुद्धा नाही. रस्सा समोर होता.
मसुदा केला. पेरिगोंचं वाक्य ठेवलं, चांगलं आहे. सही केली, त्याच हाताने.

१९ एप्रिल, रविवार
गोगलगायी घेऊन गेलो. लसूण भरपूर घातला होता. आईने पिन मागितली नाही, मीही नेली नव्हती.
आज नवीन एक आजोबा टेबलावर होते. आईने ओळख करून दिली. हा आन्सेल्म, माझा मुलगा, सिनेमात कप्तानाचा अंगठा तो याचा आहे.
आजोबांनी चष्मा लावला. गिस्के म्हणाली, दाखवा ना त्यांना. हवामान कुणीच काढलं नाही.
मी दाखवला.